पट्टी बुडवणारे आबा

सुदुंबऱ्याच्या आबांनी मला वाचवलं, हे आधी सांगते. कशातून, ते मागून. आणि हेही सांगते, की अख्ख्या मावळात लोखंडाची इतकी काळजी करणारा माणूस दुसरा झाला नसेल. कोणाला पोराबाळांची काळजी असते, कोणाला पिकाची. आबांना होती ती कुठल्या कुठं, कधी न पाहिलेल्या तेलविहिरींत उतरवलेल्या पाइपांची.

आंबीच्या आमच्या कारखान्यात तेलविहिरींची औषधं बनतात. औषधं हा आबांचाच शब्द. जमिनीखाली खडकातल्या तेलाच्या वाटा बुजल्या की विहिरीत ऍसिड सोडून त्या मोकळ्या करतात. पण ऍसिडला खडक आणि लोखंड यांतला फरक कळत नाही, ते पाइपही खातं. म्हणून त्यात इन्हिबिटर नावाचं तपकिरी, दाट रसायन मिसळायचं. ते लोखंडावर पांघरुणासारखं बसतं. बसलं की नाही, ते बघणं आबांकडे. लोखंडाची बोटाएवढी पट्टी तोलायची, दोऱ्यानं त्या मिसळलेल्या ऍसिडच्या बाटलीत टांगायची, विहिरीच्या पोटात असते तेवढ्या उष्ण पाण्यात बाटली सहा तास ठेवायची आणि पट्टी धुऊन पुन्हा तोलायची. वजन फार घटलं तर माल नापास.

तीस वर्षं हे केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते आबांचं झालं होतं. पट्टी बुडवल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास नव्हता. कँटीनच्या चहात ते पट्टी टांगत, घरच्या चिंचेच्या सारात टांगत. एकदा खोकल्याच्या औषधात रात्रभर ठेवलेली पट्टी घेऊन ते तळेगावच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "ह्यानं लोखंडाला कायसुदिक झालं न्हाई, डॉक्टर. मग माज्या खोकल्याला काय व्हनार?" वर्षातून एकच सुट्टी घ्यायचे, भीमजयंतीची. त्या दिवशीही मिरवणुकीच्या ढोलताशातून फोन यायचा, "बाटलीभवतीचं पानी आटलं न्हाई ना? बघून सांग, मी धरतो." आणि खरंच धरून ठेवायचे. तोवर फोन कानाला लावून, ढोल ऐकत बाटली बघायला जायची मी.

त्यांची गावातली कीर्तीही अशीच. एका तेलविहिरीत रंग सोडून तो शेजारच्या विहिरीतून कधी निघतो ते पाहतात, म्हणजे खालच्या खडकातल्या वाटा कळतात. गावच्या गटाराचं पाणी पिण्याच्या विहिरीत मुरतंय असं आबा सांगत, कोणी मनावर घेईना. शेवटी त्यांनी गटारात तो रंग सोडला. तिसऱ्या दिवशी विहीर पोपटी झाली आणि अर्धं गाव त्यांच्या दारात. आबा ओट्यावरून म्हणाले, "रंग निरुपद्रवी हाय. त्याच्यासंगं जे आलं, त्याचं बोला." आठवडाभर गावानं शिव्या दिल्या, मग गटार वळवलं.

मी हिंगोलीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. मावसबहिणीच्या आधारानं आंबीला आले तेव्हा लॅबमध्ये बाटल्या धुवायचे. आबांनी तोलायला शिकवलं, मग मिसळायला. मला भीती फार. टाकीचा नळ बंद केला की नाही ते चार वेळा बघायची. आबा म्हणायचे, "पोरी, भ्यालेल्या मानसाच्या हातात काटा थरथरतो. आदी घोटभर पानी पी." अजूनही काट्यासमोर उभं राहण्याआधी पाणी पिते.

मिसळायचं काम मिळून सहा महिने झाले होते. एका सकाळी पाणी भरलं, इन्हिबिटरचा कॅन ओढला आणि गावाहून फोन आला. कायम दुखणाईत असलेली आई तापानं फणफणली होती. बोलून आले ती थेट ऍसिडच्या नळापाशी. साडेबाराला जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि हात थांबला. भाकरी भाकरीसारखी लागत होती. इन्हिबिटरला सडक्या मासळीचा वास असतो. हातमोजे घाला, साबणानं तीनदा धुवा, दोन दिवस घासाघासाला तोच वास. त्या दिवशी मात्र ठेचा, भाकरी, कांदा, सगळं लख्ख वेगळं लागत होतं. मी पळत गेले. कॅनचं सील शाबूत होतं.

कारखान्याचा नियम कडक. चूक स्वतः सांगितली तर ताकीद; तपासणीत सापडली तर त्याच दिवशी घरी. माझ्याआधीची बाई तशीच गेली होती. मीही गेले असते तर आईच्या औषधाला घरात दुसरं कोणी कमावतं नव्हतं. आणि नमुना तर दहा वाजताच आबांकडे गेला होता.

लॅबच्या दारात मॅनेजरसाहेब उभे होते. "आबा, टँकर फाटकावर उभा आहे. कशी आहे पट्टी?"

आबा बाटलीसमोर पाठ करून बसले होते. "शिजतीय," म्हणाले. "सहा तास म्हंजे सहा तास."

त्यांच्या पाठीआड बाटलीत नुसता फेस उठत होता. पट्टी अर्धी उरली होती. इन्हिबिटर नसलं की पहिल्या मिनिटालाच बुडबुडे येतात. हे मला कळत होतं, तर आबांना दहालाच कळलं असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "साहेब, माझ्याकडून इन्हिबिटर राहिलं."

आबांनी सुस्कारा सोडला आणि रजिस्टर ओढलं. माझ्या देखत लिहिलं: मिसळणारीनं स्वतः सांगितलं.

साहेबांचं लक्ष आता बाटलीकडे गेलं. "हे दहापासून असं आहे? मग तुम्ही अडीच तास गप्प का?"

ज्या माणसानं पट्टीबद्दल कधी केसाएवढं खोटं सांगितलं नव्हतं, तो उठून उभा राहिला. चष्मा काढून पुसत म्हणाला, "म्हातारा झालो, साहेब. दिसलं न्हाई. डोळं चुकलं."

टाकीत इन्हिबिटर घालून, ढवळून, पुन्हा सहा तास तपासून टँकर दुसऱ्या दिवशी गेला. मला ताकीद मिळाली. आबांना निवृत्तीच्या वयानंतर दर वर्षी मिळणारी मुदतवाढ त्या वर्षी मिळाली नाही. नजर कमी झाली, असं साहेब म्हणाले. निरोपाच्या दिवशी मी रडत सुटले आणि म्हणाले, साहेबांना खरं सांगते. आबा दटावून म्हणाले, "गप ऱ्हा. मला घर हाय हितं. तुजं लय लांब हाय."

मी गप्प राहिले. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते, पट्ट्या मीच टांगते. कधी सुदुंबऱ्याला जाते. आबा अंगणात बसून, लांबच्या झाडावर कोणता पक्षी बसलाय ते न चुकता सांगतात. गावात कोणी त्यांना काही वाचायला देत नाही. कारखान्यात डोळ्यांपायी घरी बसवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आईचं दुखणं अजून आहे, नोकरीची गरजही आहे, आणि भीती तर आहेच. पण आबा, तुम्ही दटावलंत तरी एक दिवस मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहणार आहे आणि चार माणसांच्या देखत सांगणार आहे, की त्या दिवशी तुमचे डोळे चुकले नव्हते. तुम्ही असतानाच सांगेन.