माळावरचे बांगडे

मस्कतहून दक्षिणेकडे जाताना हैमाच्या अलीकडे, हमरस्त्यापासून जरा आत, खडीच्या सपाट माळावर आमची वस्ती आहे. नऊ घरं, एक मशीद, एक किराणा दुकान आणि पाण्याचा प्लांट. प्लांट म्हणजे मी आणि माझा रायगडकडचा जोडीदार. जमिनीतून खारं पाणी उपसायचं, त्यातलं मीठ काढायचं आणि गोडं पाणी घरोघर पाठवायचं. त्याआधी मी मस्कतजवळ रुसैलला एका कारखान्यात होतो. तिथे निदान भांडायला माणसं होती. इथे भांडायचं तर जोडीदाराशी, आणि तो दुपारभर झोपतो.

वस्तीचा इतिहास मला शेजारच्या म्हातारीनं सांगितला. सगळे तिला उम्मी म्हणतात, म्हणजे आई; मीही म्हणतो. तिच्या म्हणण्याप्रमाणे आधी इथे काहीच नव्हतं. मग तेल शोधणारे आले, त्यांनी भोक पाडलं, तेलाऐवजी खारं पाणी लागलं. ते हिरमुसून निघून गेले आणि हिची माणसं पाण्यापाशी राहिली. खलास, एवढाच इतिहास. हवामान त्याहून सोपं. सकाळपासून भट्टी, दुपारनंतर धूळ, आणि पहाटे दूरच्या समुद्राकडून येणारं धुकं, इतकं दाट की खडे ओले होतात. इथे पाऊस कधी पडतो, असं मी एकदा विचारलं. म्हातारी म्हणाली, "पडलेला आहे."

एका मंगळवारी सूर बंदराहून येणाऱ्या मासळीच्या गाडीवाल्यानं आमच्याकडे दोन पेट्या बांगडे उतरवले. रत्नागिरीच्या माणसाला एवढे बांगडे एकदम दिसले की त्याचं डोकं थांबतं आणि हात चालू होतात. मी सगळे चिरले, वर्षानुवर्षं पाण्यातून मीठ काढल्याचा सूड उगवावा तसं त्यांना मीठ चोळलं आणि खोलीमागे जमिनीवर जाळी पसरून वाळत घातले.

"अरे, वर पत्र्यावर घाल," जोडीदार म्हणाला.

"कशाला? इथं कावळा नाय, मांजर नाय. राखण कुणापासून करायची?"

आमच्याकडे सुकी मासळी राखायची ती या दोघांपासून. तिसरं जनावर माझ्या डोक्यातच नव्हतं. उंट मला गाईबैलांच्या भावकीतला वाटायचा, पक्का माळकरी.

शुक्रवारी पहाटे धुक्यातून उम्मीची उंटीण आली आणि जाळी साफ करून गेली. मला कळलं तेव्हा दोन शेपट्या उरल्या होत्या. मी आधी बांगड्यांसाठी हळहळलो, हे कबूल करतो. मग प्लांटमागून म्हातारीची हाक आली. उंटीण बसली होती ती उठेना. मान जमिनीवर टाकलेली, तोंडाला फेस.

"काय खाल्लं हिनं?"

मी खरं ते सांगितलं. वाटलं, आता ही मला शेपट्यांसकट गाडणार.

"मासे खातातच उंट," ती म्हणाली. "चारा नसला की मीच सुके मासे घालते. पण मीठ? किती होतं?"

"पुष्कळ," मी म्हणालो.

म्हातारीकडे ती एकच उंटीण होती. नवरा गेलेला, मुलं मस्कतला. दोन्ही वेळचं तिचं जेवण म्हणजे खजूर आणि त्या उंटिणीचं दूध. जनावरांचा डॉक्टर तीन तासांवर, त्यात शुक्रवार, इथला सुट्टीचा दिवस. फोनवर तो म्हणाला, गोडं पाणी थोडं थोडं पाजत राहा, उठेल, इन्शाल्ला.

आमचा नियम असा की खारं पाणी जनावरांना आणि गोडं माणसांना. तो मोडून मी बादल्या वाहायला लागलो. शुक्रवार गेला, शनिवार गेला. जोडीदार बडबडत दुसरी बादली धरायला आला. "कोकणातून येऊन उंटाची बाळंतपणं कराय लागली!" एरवी मी हसलो असतो. पण मला भीती वाटत होती. जनावर मेलं तर या बाईला तोंड कसं दाखवायचं? उम्मी उंटिणीच्या मानेशी बसून होती, तिथून हलत नव्हती.

रविवारी सकाळी धुकं विरता विरता उंटीण उठली. माझ्याकडे तिनं अत्यंत तुच्छतेनं पाहिलं आणि चालू लागली. तासाभरानं उम्मी माझ्या दारात आली. हातात दुधानं भरलेलं भांडं.

"पी."

मी समजलो. दूध बिघडलं असेल तर ते आधी मलाच बाधावं, हे रास्तच होतं. भांडं तोंडाशी नेलं आणि थांबलो. दुधाला चक्क बांगड्याचा वास! आमच्याकडे मासळीवर दूध पिऊ देत नाहीत, अंगावर कोड उठतं म्हणतात. आई तर मासळीच्या दिवशी मला दुधाच्या पातेल्याजवळ फिरकू देत नसे. इथे उंटिणीनं दोन्ही एकाच भांड्यात घालून दिलं होतं. म्हातारी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी डोळे मिटून सगळं संपवलं.

"चांगलं आहे?" तिनं विचारलं.

"चांगलं आहे. अजून आहे का?"

ती गेली, भांडं पुन्हा भरून घेऊन आली. मी हात पुढे केला, पण ती माझ्याच पायरीवर बसली आणि भांडं स्वतःच्या तोंडाला लावून घटाघटा प्यायली. रिकाम्या भांड्याचा तळही तिनं बोटानं पुसून चाटला, तेव्हा मला कळलं. शुक्रवारपासून तिच्या पोटात एक खजूरसुद्धा गेला नव्हता, आणि मी दोन दिवस फक्त उंटिणीला पाणी विचारत होतो.