धूसर केलंय ते मुद्दाम

तिला घरात सगळे खटपटी म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. मिक्सर बिघडला की खटपटीला हाक, नळ गळला की खटपटीला हाक. पण तिनं एखादं मत मांडलं की लगेच, तू गप्प बस गं, तुला काय कळतंय. थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या शूटिंगला दादा मोठा कॅमेरा घेऊन नवरा-नवरीसमोर उभा राहायचा आणि हिला हिच्या जुन्या कॅमकॉर्डरसकट जेवणाच्या हॉलमध्ये पिटाळायचा. इतकी वर्षं बिचारी लोकांचे घास टिपत होती.

दादाचं धंद्याचं एक शास्त्र होतं. शूटिंग तयार झालं की गिऱ्हाइकाला दुकानात बसवायचं आणि पडद्यावर माणसं मोजून द्यायची. मामा दिसला? दिसला. आत्या? ती काय, खांबाशेजारी. एखादा मेहुणा राहिला तर त्याच्यासाठी लग्न पुन्हा लावता येत नाही, म्हणून दादाला सगळं लख्ख हवं, नवरीच्या नाकापासून मागच्या भिंतीवरच्या पंख्याच्या बटणापर्यंत. नेमकं हेच खटपटीच्या डोक्यात जायचं. तिच्या त्या कॅमेऱ्यात माणूस आणि त्याच्यामागची कचऱ्याची बादली सारख्याच मानानं उभी! चेहरा तेवढा पुढे यावा आणि बाकीचं विरघळून जावं, असं तिला हवं होतं. तसा कॅमेरा घ्यायचा तर दुकान विकावं लागलं असतं. मग काय, लागली खटपटीला.

स्टुडिओच्या कपाटात रोलच्या जमान्यातला एक फोटोचा कॅमेरा पडून होता. त्याची लेन्स तिनं काढली, नळाच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा आणला, आतून काळा रंगवला आणि लेन्स त्याच्या तोंडाशी बसवली. मध्ये दुधी काच. लेन्सनं त्या काचेवर चित्र पाडायचं आणि कॅमकॉर्डरनं मागून, भिंगातून, ते चित्र टिपायचं, एवढीच युक्ती. काचही तिनं घरीच घासली, दोन काचांमध्ये पाणी आणि घासायची पूड घालून, हात भरून येईपर्यंत. पहिल्या खेपेला वहिनीच्या तोंडावर कुणी वाळू उधळल्यासारखं दिसलं. ते काचेचे कण होते. मग हिनं एका मेलेल्या मोबाइलमधली थरथरणारी मोटर काढून काचेच्या चौकटीला चिकटवली, काच थरथरू लागली आणि कण गायब. कॅमेऱ्याला हुडहुडी भरली का गं, असं वहिनीनं विचारलं खरं, पण पडद्यावर स्वतःला बघून पदर नीट करू लागली. मागची भांडीकुंडी पार विरघळली होती आणि वहिनी एकटी पुढे आली होती.

दादानं मात्र त्या पाइपाला लांबूनच हात जोडले. हे नळकांडं लग्नात दिसलं तर कॅमेरा सुटला म्हणून समज, मग जन्मभर काउंटरवर बसून ओळखपत्रांचे फोटो काप, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. दादा बोलला की करतो, हे तिला ठाऊक होतं. पुढच्याच लग्नात तिनं नळकांडं लावलं.

हॉलमध्ये तिनं एकेक चेहरा घेतला. आणि त्यात सापडली नवरीची आई. सगळ्यांचं जेवण होईपर्यंत ती बाई खांबाला टेकून उभी होती. अंगठी बोटात फिरवत होती आणि लेकीकडे बघत होती. खटपटी तिच्यावरून हललीच नाही.

त्या युक्तीत एक खोड होती. काचेवर चित्र उलटं पडतं, खाली डोकं वर पाय. घरी कॉम्प्युटरवर तिनं ते उभं करून घेतलं आणि निर्धास्त झाली. पण काचेवर डावं-उजवंही फिरतं, ते तिच्या ध्यानातच आलं नाही. हॉलमधली एखादी पाटी उलटी दिसली असती तर चूक तिथल्या तिथे कळली असती. पण पाट्या तर हिनंच धूसर करून टाकल्या होत्या.

मोजणीच्या दिवशी नवरीची आई आली, आणि सोबत नवरीचा काका. हॉलचा भाग लागला तसा काका उखडला. माझ्या तोंडाचा नुसता धूर दिसतोय म्हणाला, आणि आमच्या ह्या वहिनींची अंगठी भलत्याच हातात कशी? दादानं मान पुढे काढली, बघितलं, आणि गिऱ्हाइकासमोरच बहिणीला फैलावर घेतलं. नाक कापलंस, उद्यापासून काउंटर, म्हणाला.

खटपटीचे कान तापले. चूक होती, डोळ्यांसमोर होती, आणि दादाच्या तोंडून ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण राग त्याहून मोठा होता.

"उलटं झालं ती माझी चूक. आत्ता दुरुस्त करते," ती म्हणाली. "धूसर केलंय ते मुद्दाम. त्याला हात लावणार नाही."

दादा काही बोलणार, तेवढ्यात नवरीची आई म्हणाली की दुरुस्ती नको, मला हे असंच द्या, आरशात मी अशीच दिसते. दादानं सुटकेचा निःश्वास सोडला. गिऱ्हाईक खूश तर प्रश्न मिटला. दुसरी कुणी असती तर तिनं बाईंच्या पाया पडून विषय संपवला असता. ही कुठली ऐकते! तिनं नाही म्हणून सांगितलं, कॉम्प्युटरपाशी बसली, चित्र फिरवलं आणि पुन्हा लावलं.

नवरीची आई बघत राहिली. चेहरा तिचाच, पण भांग दुसरीकडे, हसू दुसऱ्या बाजूला झुकलेलं. ती ओळख पटवून घेत होती.

"ही मी?"

"आरशात तुम्ही तुम्हाला दिसता," खटपटी म्हणाली. "ह्या तुम्ही मला दिसलात."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि हे द्या म्हणाल्या. काका पुन्हा स्वतःच्या धुराचं काढायला लागला, तर त्यांनी त्याला नुसतं हातानं गप्प केलं.

दोघं गेली. दादा गल्ला उगाच उघडत-मिटत होता. शब्द दिला होता, आणि तो गिळायचा कसा हे त्याला येत नव्हतं. काउंटरचं काय ते बोल, असं शेवटी तोच म्हणाला.

"मी कॅमेराच धरणार," तिनं सांगितलं. "तुझ्याकडे नाही, तर दुसरीकडे. हा पाइप लावूनच."

तेवढ्यात दारात एक माणूस आला. ओळखपत्राचे फोटो हवे होते. दादानं बहिणीकडे पाहिलं. ती नळकांड्याची काच पुसत होती, जागची हलली नाही. दादानं स्टूल ओढलं, त्या माणसाला बसवलं आणि म्हणाला, हनुवटी जरा वर घ्या.