मोटारीमागची खोली

मुर्री गावातल्या सुखवंताबाईला फसवणं सोपं नव्हतं. गोंदियाच्या बाजारात हळकुंड घ्यायचं झालं तरी ती आधी दाताखाली मोडून पाहायची. दुकानदार मुन्नालाल एकदा वैतागून म्हणाला होता, "बाई, आप तो तराजू पे भी भरोसा नहीं करतीं." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "भरोसा तराजूवर आहे, धरनाऱ्यावर नाही."

म्हणून तिच्या नवऱ्यानं, झामसिंगानं, त्या वर्षी गोठ्यामागे चाकांवरची एक लहानशी खोली बांधायला काढली आणि विचारलं तर "सामान न्यायले" एवढंच सांगितलं, तेव्हा सुखवंताच्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की सामानाला खिडकी कशाला?

झामसिंगाकडे एक जुनी, इवलीशी मोटार होती. मँगनीजच्या खाणीवरचा एक साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला होता. चार माणसं बसली की पाचव्याचे पाय बाहेर, अशी. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, गेली, बापाच्या वेळचा थाट गेला, तरी ती मोटार झामसिंगानं सोडली नाही. गाव तिला बकरी म्हणायचं. चढावर ती दमायची, मग बसलेल्यांनी उतरून चालायचं आणि वर गेल्यावर पुन्हा बसायचं, ही रीतच पडली होती. या बकरीच्या मागं आता खोली जोडायची होती. मोडक्या मोटारीची दोन चाकं आणली, सागाची चौकट झाली, वर पत्रा आला, पुढं लोखंडी दांडा आणि मोटारीत अडकवायची कडी.

शेजारच्या रुख्माचं ठरून गेलं होतं. धान्यावर कंट्रोल आहे, नाक्यावर पोतं सापडलं की जप्त होतं, म्हणून झामसिंग भाऊ लपवून तांदूळ न्यायची पेटी करून राहिले आहेत. सुखवंताला वाटलं, तेवढंच असतं तर सत्यनारायण घातला असता.

तिची भीती वेगळी होती. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. झामसिंगाची मोठी बहीण मुन्नीबाई दवनीवाड्याला दिली होती. मागच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव जी जत्रा भरते आणि जिला सगळे सोयरे एकमेकांकडे मुक्कामाला जातात, त्या मंडईला मुन्नीबाईनं भर पंगतीत विषय काढला होता. तिच्या दिराची मुलगी आहे, हातापायानं धड आहे, भावाचा वंश बुडता कामा नये. झामसिंग पानात पाहत राहिला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. सुखवंताच्या मावशीच्या घरी दुसरी आली तेव्हा मावशीची चूल आधी गोठ्यामागे गेली आणि मग तिथून माहेरी. कोणी तिला हाकललं नव्हतं. नुसती चूल वेगळी करून दिली होती.

आणि या खोलीत बिसराम सुतारानं एका कोपऱ्याला पत्रा ठोकला होता. शेगडी ठेवायला.

चहा द्यायच्या निमित्तानं ती रोज तिकडे जाऊ लागली. एकदा झामसिंग बाजारात गेलेला पाहून तिनं बिसरामला विचारलं, आतल्या झोपायच्या फळीचं माप कोणी दिलं. बिसराम रंधा थांबवून म्हणाला, "मालकानंच. तुमच्या बाजेचं माप दोरीनं आनून देल्लं, मालकीनबाई." सांगताना त्याला कौतुक वाटत होतं.

म्हणजे खोली तिच्यासाठीच होती. फळी तिच्या मापाची, शेगडी तिची. मोटारीला जोडायचं, तिच्या माहेरच्या अंगणात नेऊन उभं करायचं, कडी काढायची आणि बकरी घेऊन परत यायचं. घरातून काढलं असं कोणी म्हणायला नको, घर तर सोबतच दिलं होतं. मावशीच्या नवऱ्याला एवढी अक्कल नव्हती, असं तिच्या मनात आलं. मग ती दोन दिवस कमी बोलली आणि झामसिंगाला त्याचा पत्ताही लागला नाही, याचाही तिला राग आला.

दवनीवाड्याच्या मंडईच्या दिवशी सकाळी झामसिंग म्हणाला, चल, खोली घेऊन जाऊ. त्यानं तिची पेटी आत ठेवली, दोन भांडी ठेवली, घरच्या तांदळाचं पोतं दांड्याजवळ अगदी पुढं टेकवलं आणि रेडिएटरला पाणी आणायला विहिरीवर गेला. सुखवंता आत शिरली. दोन दिवसांच्या मंडईला अख्खं पोतं कशाला? तिनं ते ओढून बाजूला केलं, मागं काय लपवलं आहे ते पाहिलं. काही नव्हतं. पोतं परत जागेवर ठेवताना मात्र तिचा हात थांबला. ती गाडीबैलाच्या घरातली मुलगी. गाडीचा भार पुढं आला की जू बैलांच्या मानेवर बसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. राग माणसावर होता, त्या मुक्या बकरीवर नव्हता. तिनं पोतं ढकलत नेऊन पार मागच्या दाराशी लावलं आणि पेटीही त्याच्या शेजारी सरकवली.

गोंदिया सुटेपर्यंत ठीक चाललं. पुढं मोकळ्या रस्त्यावर मागची खोली शेपूट हलवू लागली. आधी थोडी, मग जास्त. झामसिंगानं स्टेअरिंग घट्ट धरलं तरी ते हातात हलकं लागत होतं, जसं काही मोटारीचं तोंड कोणी वर उचललं आहे. नाल्याच्या उतारावर खोलीनं एक हिसका डावीकडे दिला, एक उजवीकडे, आणि मोटारीला ओढत धान कापून झालेल्या शेतात, बांधीत, नेऊन उभी राहिली. कोणाला लागलं नाही. इंजिन बंद पडलं आणि सगळं शांत झालं.

झामसिंगानं जाऊन दार उघडलं. पोतं दाराशीच होतं.

"पोतं मागं कोनं नेलं?"

"मी."

"काऊन?"

"बकरीची मान मोडली असती."

"हे बैलगाडी नाही वो. याले पुढं भार नसला तं हे असंच नाचते. मी कायले ठेवलं होतं पोतं पुढं?"

"ते मले काय ठाऊक," सुखवंता म्हणाली. "तुमी सांगता कोठं काही." आणि मग इतके दिवस दाताखाली धरलेलं तिनं बाहेर काढलं. "माझी चूल वेगळी करून राहिले ना तुमी? सांगा. येथं कोनी नाही आयकाले."

झामसिंग बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो बोलला ते तुटक तुटक आणि तिच्याकडे न पाहता. मंडईला गेलं की मुन्नीबाईच्या घरी राहावं लागतं. राहिलं की ती चार मोठी माणसं बसवते आणि तोच विषय काढते. तिच्याकडे उतरत नाही म्हणावं तर नातं तुटतं.

"म्हनलं, आपलं घर संग असलं तं मुक्काम मागाची गरजच नाही."

"एवढं लाकूड घालन्यापेक्षा तोंडानं नाही म्हनाचं."

"म्हनूनच तुले सांगतलं नाही," झामसिंग म्हणाला. "तू हेच म्हनली असती."

यात खोटं किती, हे सुखवंताला दातानं मोडून पाहता येईना. तिला एवढं मात्र दिसलं, की बहिणीला एक शब्द बोलायची हिंमत नाही म्हणून या माणसानं घर बांधलं. असा माणूस खरं बोलत असला तरी त्याच्यावर भरवसा कसा टाकायचा?

मंडईला निघालेल्या पाच-सहा जणांनी हसत हसत मोटार उचलून रस्त्यावर ठेवली. पोतं पुढं गेलं. त्यानंतर खोली शहाण्यासारखी मागं मागं आली.

दवनीवाड्याला मंडईच्या मैदानाच्या कडेला त्यांनी ती उभी केली. भोवती गर्दी जमली. कोणी विचारलं, आत देव आहे का; कोणी विचारलं, तिकीट किती. तेवढ्यात मुन्नीबाई पदर सावरत आली. तिनं खिडकीतून आत पाहिलं, फळी पाहिली, आणि भावाला म्हणाली, "माझं घर पडलं का रे, झामू?"

झामसिंग म्हणाला, गर्दीत रात्री मोटार राखावी लागते. सुखवंतानं मान खाली घातली. हा सरळ बोलणार नाही, हे तर ठरलेलंच होतं.

"बरं, झोप येथं," मुन्नीबाई म्हणाली. "पन जेवाले चाल. आमचे भाऊजी आले आहेत, थांबून राहिले तुह्यासाठी." भाऊजी म्हणजे तिचा दीर. मुलीचा बाप.

झामसिंगानं टोपी डोक्यावर ठेवली. सुखवंता खोलीत चढली, शेगडीत कोळसे घातले, रॉकेलचा बोळा पेटवून आत सारला आणि दार सताड उघडं ठेवून फुंकर घालत बसली. धूर खिडकीतून बाहेर, मुन्नीबाईच्या अंगावर आला. आज झामसिंग जेवायला गेला, तर उद्या सकाळी आपल्याच पायानं माहेरची वाट धरायची, एवढं तिनं फुंकता फुंकता ठरवून टाकलं.

झामसिंग दोन पावलं बहिणीमागं गेला. मग उभा राहिला.

"बाई, तू जाय. माझी चूल पेटली."

मुन्नीबाई वळली. "कोठची चूल? हे?"

"हेच. एकच आहे माझी. भाऊजीले सांग, दुसरी मांडाची नाही मले."

भोवती गर्दी होती, म्हणून मुन्नीबाईला भांडता आलं नाही. "डब्यात राहा मग," एवढं म्हणून ती निघून गेली आणि पुढची दोन वर्षं तिनं मुर्रीला पाय ठेवला नाही.

झामसिंग येऊन खोलीच्या पायरीवर बसला. सुखवंतानं तांदूळ धुऊन शेगडीवर चढवला. गर्दी नसती, धूर नसता, दार लावलेलं असतं, तर हा असं बोलला असता का? तिला विचारावंसं वाटलं. पण विचारलं तर तो काहीतरी उत्तर देईल आणि मग तेही तपासत बसावं लागेल.

"मीठ कोठं ठेवलं?" तिनं विचारलं.

"आनलंच नाही," झामसिंग म्हणाला आणि मीठ मागायला निघाला. तो मंडईच्या दुकानांकडे वळतो की बहिणीच्या घराकडे, हे ती खिडकीतून पाहत राहिली.