विमानतळाच्या भिंतीतलं बेडं

आमच्याकडे भांडायला फार काही लागत नाही, एक पायवाट पुरते. वाट अडवली म्हणून आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, आणि तारखेला दोन्ही घरं एकाच रिक्षाने कोर्टात जातात. त्यामुळे सिंधुदुर्गात कोणी आवाराभोवती गडगा घालायला घेतला की दगड कुठून आणले हे कोणी विचारत नाही. वाट कुठे सोडलीत, हे विचारतात. जुनी वाट जिथे येते तिथे गडग्यात जागा ठेवायची, दोन्ही बाजूंना खांब रोवायचे आणि त्यांत आडवे बांबू सरकवायचे. ह्याला बेडं म्हणतात. माणूस बांबू काढतो, आत जातो आणि परत लावतो. निदान लावावेत अशी अपेक्षा असते.

माझे बाबा गवंडी. चिऱ्याचं काम त्यांच्यासारखं आसपासच्या पाच गावांत कोणी करत नाही. हे मी त्यांचं चेडू, म्हणजे मुलगी, म्हणून सांगत नाही. त्यांच्याशी न बोलणारे भाऊबंददेखील घर बांधायला त्यांनाच बोलावतात. आणि ह्याच माझ्या बाबांनी विमानतळाच्या भिंतीत बेडं ठेवलं.

आमच्या सड्यावर विमान उतरणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत होते. सडा म्हणजे कातळाचं मोकळं पठार. पावसात गवत, एरवी तापलेला दगड. तिथे मोजणी झाली, काम सुरू झालं, थांबलं, परत सुरू झालं. धावपट्टी तयार होऊन आरशासारखी चकाकायला लागली तरी विमानाचा पत्ता नव्हता. तिठ्यावर चेष्टा ठरलेली होती. "आधी एसटी वेळार येवंदे, मगे विमानाचा बघूया."

मी मात्र हट्टाने विमानतळावरच्या कामाचं प्रशिक्षण घेतलं. मुलीने बँकेत लागावं अशी आईची इच्छा होती. निवडीचं पत्र आलं, त्यात अट एकच: विमानतळाला परवाना मिळाला की कामावर रुजू व्हा. आईने ते देवाच्या फोटोमागे ठेवलं. परवाना नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर लग्न, असा घरातला हिशेब सरळ होता. दोन स्थळं तर दारात बसल्यासारखीच होती.

विमानतळाच्या भिंतीचं काम बाहेरच्या ठेकेदाराकडे होतं. त्यातली डोंगराकडची बाजू त्याने बाबांना दिली होती. परवान्याच्या तपासणीला आठ दिवस उरले असताना विमानतळाचे साहेब भिंतीच्या कडेने पाहणी करत निघाले. साहेब नागपूरकडचे, स्वभावाने शांत. डोंगराकडच्या टोकाला झाडीतून बाहेर पडले, तर समोर बेडं, आणि वाट पलीकडे बाहेर पडते तिथे तसंच दुसरं. तासलेले खांब, एकसारखे कापलेले बांबू. आतल्या गवतात ताजं शेण पडलेलं होतं.

त्यांनी बाबांना बोलावून घेतलं. मी माझे कागद द्यायला साहेबांच्या कचेरीत आले होते, बाबांच्या मागोमाग तिथे गेले आणि सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"काका, हे काय आहे?"

बाबांनी साहेबांसाठी कचेरीतली मराठी काढली. "वाट आहे ती, साहेब. वाट अडवायची नसते."

"आत धावपट्टी आहे. इथे विमानं उतरणार आहेत."

"उतरू देत की. बेडं लावलेलं आहे."

साहेबांनी एक बांबू सरकवून परत लावला. मग म्हणाले, आठ दिवसांत हे बंद झालं नाही तर परवाना पुढच्या खेपेला. पुढची खेप कधी, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर माझा तोल गेला. माझा राग आईकडून आलाय, जिभेला हाड नाही. "तुमच्या बेड्यापायी माझी नोकरी जातली," मी बाबांना म्हणाले. "मगे बसतंय चुलीकडे. चलात तुमका?"

बाबा हातपाय धुवून ओट्यावर बसले होते. ती वाट राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, पाषाणाकडे जाते, हे मला माहीत होतं. वर्षातून एकदा सगळा गाव तिथे नारळ ठेवायला जातो. पण पुढचं माहीत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. "ती वाट उघडी ठेवूक माझ्या बापाशीन सख्ख्या भावाक कोर्टात उभो केल्यान. ती मी माझ्या हातान बुजवू?"

माझा राग मात्र गेला नव्हता. ठेकेदाराने दुसरे गवंडी बघायला घेतले. बाबांनी सोडलेली वाट बुजवायला पंचक्रोशीतला एकही तयार होईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या काकींबरोबर त्या वाटेने निघाले. काकी लाकडांसाठी रोज जायच्या. बेडं ओलांडून आम्ही धावपट्टीच्या कडेच्या गवतातून, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या त्या नारिंगी कापडी पिशवीखालून, पलीकडच्या बेड्यातून बाहेर पाषाणाकडे गेलो. काकींच्या हातात कोयता, आणि मी घामाघूम. इतके दिवस बायका अशा चालत होत्या आणि कोणाला पत्ता नव्हता. येताना मी त्यांना डोक्यावरच्या भाऱ्यासकट भिंतीच्या बाहेरून, उतारावरून आणलं. करवंदांची जाळी होती, पाण्याचा एक व्हाळ आडवा होता, पण जागा होती.

"लांब पडता," काकी म्हणाल्या. "पण झाडांची सावळी आसा."

मी धावतच घरी आले. "बाबा, वाट बुजवू नकात. वळवा."

बाबांनी मान वर केली. गवंड्याला अडचण सांगितली तर तो कपाळाला हात लावतो, आणि काम सांगितलं की उठून उभा राहतो. "वळवूक येता," ते म्हणाले. "पण नवी वाट जुनीपेक्षा बरी व्हयी. आणि आधी नवी वाट, मगे भिंत."

पाच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी घरटी एक माणूस कोयता नाहीतर कुदळ घेऊन आला. बाबांच्या काकांचा मुलगा, ज्याच्या वडिलांशी कोर्ट झालं होतं, तोही आला आणि बाबांच्या शेजारी न बोलता दगड रचू लागला. साहेब पँट दुमडून व्हाळात उतरले. व्हाळावर लांब फरशी बसवताना त्यांचं बोट चेंगरलं, तेव्हा त्यांच्या तोंडून निघालेला शब्द अख्ख्या गावाला आवडला. कामाच्या चौथ्या दिवशी मानकऱ्यांनी पाषाणासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, म्हाराजा, आज तुझी वाट वळवली हा. ह्या सड्यार आता विमान उतरतला. येतल्या-जातल्याक सांभाळ. काय वाकडानाकडा झाला असात तर पोटात घाल रे, म्हाराजा."

"व्हय, म्हाराजा," सगळे म्हणाले. साहेबही म्हणाले, जरा उशिराने.

मग बाबांनी दोन्हीकडे भिंत बंद केली. कोणाला चिऱ्याला हात लावू दिला नाही. शेवटचा चिरा बसवून त्यांनी ओळंबा धरून बघितला, आणि आज तुम्ही गेलात तर जोड कुठे आहे ते तुम्हाला सापडणार नाही. संध्याकाळी गुरं सवयीने तिथेच आली. भिंतीसमोर थोडा वेळ उभी राहिली आणि मग नव्या वाटेने निमूट खाली उतरली.

तपासणीची माणसं सगळी भिंत चालली. डोंगराकडच्या टोकाला त्यांनी एकही खूण केली नाही. परवाना आला आणि आईने फोटोमागचं पत्र काढून माझ्या हातात दिलं.

पहिलं विमान आलं त्या दिवशी सडा माणसांनी फुलला होता. मी पिवळं जाकीट घालून जीपमध्ये होते. विमान उतरण्याआधी धावपट्टी टोकापासून टोकापर्यंत बघायची: दगड, कुत्रा, कडेच्या गवतात अंडी घालून बसलेली टिटवी. सगळं बघून मी वॉकीटॉकीवर टॉवरला कळवलं, धावपट्टी मोकळी आहे. मग विमान समुद्रावरून आलं, मोठं होत होत आलं, आणि आमच्या कातळावर टेकलं. मी जीपमध्ये एकटीच रडले आणि हसले.

घरी बाबांनी दोनच प्रश्न विचारले.

"विमान येवच्या आधी पट्टी कोण बघता?"

"मी."

"आणि तू सांगल्याबिगर विमान उतरणां नाय?"

"नाय."

बाबा सदरा चढवून तिठ्यावर गेले. तिथे जमलेल्यांना त्यांनी काय सांगितलं ते मला चहावाल्याने दुसऱ्या दिवशी ऐकवलं, आणि त्यानंतर पुढचे कित्येक दिवस गावातला प्रत्येक जण ऐकवत राहिला.

"विमानाक वाट माझां चेडू देता."