हळदीची पहिली ओवी

घरातले देव कृष्णेत सोडायचे ठरले, त्या दिवशी आईनं ते आधी चिंच लावून लख्ख घासले. राजाराम मास्तर दारात खोळंबले होते. साताऱ्याला शिकून आलेले, आणि वस्तीला बुद्धवंदना शिकवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं. ते म्हणाले, "बायडाक्का, पाण्यातच सोडायचेत की. घासता कशाला?"

आई म्हणाली, "पाव्हणा जाताना धुतल्या कापडात लावून द्यावा, मास्तर. इतकी वर्सं ऱ्हायलं माज्या घरात."

मग तिनं ते टोपलीत नीट मांडले आणि टोपली डोक्यावर घेऊन तीच पुढं चालू लागली. येताना रडणं-बिडणं काही नाही. टोपली रिकामी कशाला आणायची, म्हणून वाटेत शेण गोळा करून आणलं.

ही माझी आई, आष्ट्याची बायडाबाई. आदल्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला धम्म घेतला आणि सत्तावन्न साली आमची वस्ती बौद्ध झाली. माझे वडील, आप्पा, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. हुकूम आला की सलाम ठोकायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी एका दिवसात धर्म बदलला आणि गाढ झोपले. आईला वेळ लागला, कारण तिला तो रोज वापरायचा होता.

पाच शिलं तिनं मास्तरांकडून पाठ करून घेतली आणि आप्पांना सांगितलं, "दारूचं शील तुमचं. बाकीची चार मी बघते." आणि तिनं खरंच बघितली. हळदीच्या रानात कामाला जाणाऱ्या बायका संध्याकाळी ओच्यात चार ओली हळकुंडं घेऊन यायच्या. मालकालाही माहीत असायचं. आईनं ते बंद केलं. बाकीच्या बायका चिडल्या, कारण एकीचा ओचा रिकामा दिसला की दुसरीचा भरलेला डोळ्यांवर येतो. खोटं न बोलण्याचं शील तर आम्हालाच महागात पडलं. मळ्याच्या मालकीणबाईंनी कौतुकानं विचारलं, "आमटी कशी झालीया बायडे?" तर ही म्हणाली, "खारट झालीया." त्यानंतर बरेच दिवस आमच्या वाट्याला आमटी आली नाही.

मी वैतागून म्हणाले, "आई, गप तरी बसायचंस."

"इचारलं म्हनून सांगितलं. आमटी खारटच हुती."

एकदा मी विचारलं, हे सगळं करून तुला मिळतं काय? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पूर्वी सांजंला देवाला दिवा लावायची तवा वाटायचं, आता त्येनं माज्याकडं बघितलं. आता दिसभर मीच माज्याकडं बघती. लय बरं वाटतं." हे बोलताना तिचा तोरा असा होता, की एखाद्या पाटलिणीनं तिच्यापुढं पाणी भरावं.

एकाच ठिकाणी मात्र तिचं अडलं, ते म्हणजे जात्यावर.

आमच्या बायकांना ओवीशिवाय दळता येत नसे. ओवी म्हणजे नुसती करमणूक नव्हे. खुंटा ओढायचा जोर तिच्यातून येतो. आणि पहिली ओवी देवाची, हा तर दंडकच. देव गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आई जात्याशी बसली, समोर शेजारची धोंडुबाई. आईनं सुरू केलं, "पयली माजी ओवी", आणि तोंडात आलं जुन्या देवाचं नाव. तिनं ओठ मिटले. धोंडुबाईनंही मिटले. दोघींनी तसंच मुक्यानं दळलं. पीठ इतकं जाड आलं की भाकरी काठाकाठाला चिरल्या.

त्या दिवसापासून आमचं जातं मुकं झालं. आई मास्तरांकडं गेली. म्हणाली, "पयली ओवी बुद्धाला म्हनू का?" मास्तर पडले तत्त्वाचे. ते म्हणाले, "अक्का, बुद्ध देव नव्हे. त्यांच्याकडं काही मागायचं नसतं." आई म्हणाली, "मग ओवी कशाला म्हनायची? ओवीत आमी मागतच आलो. औक्ष माग, पाऊस माग, भावाला बैलजोडी माग." तिनं त्रिशरण म्हणत दळून पाहिलं. ते जात्याच्या फेऱ्यात बसेना. गावात इंजिनाची गिरणी होती, पण गिरणीत पीठ जळतं यावर आईचा ठाम विश्वास होता. तो काही कुठल्या शिलाच्या आड येत नव्हता.

मधल्या काळात जिल्ह्याचंही नाव बदललं. दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. आई म्हणाली, "जिल्ह्यानं नाव बदललं तर कुनाचं प्वाट दुखलं न्हाई. आमी बदललं तर समद्या गावाचं दुखलं." मी तोवर सातवी पास झाले होते आणि माझं लग्न ठरायला आलं होतं.

स्थळ कवठे महांकाळचं होतं. मुलगा अर्जुना, मिरजेला रेल्वेत लागलेला. तेही लोक बौद्ध. मला मुलगा पसंत होता, हे त्या काळी बोलायचं नसतं म्हणून मी बोलले नाही. पण आईनं ते माझ्या दोन वेळा चहा सांडण्यावरून ओळखलं. सगळं जुळलं आणि उठता उठता मुलाची आई रंगूबाई बोलली. उंच बाई, आवाज करडा.

"लगीन नव्या रीतीनं करा. आमाला बी तसंच पायजे. पर एक सांगते, इहीणबाई. हळद मुक्यानं दळायची न्हाई. मुकं दळान मयताच्या घरात असतंय. तुमची हळद गात दळली न्हाई, तर ती माज्या पोराच्या अंगाला लागनार न्हाई. मी वऱ्हाड घिऊन माघारी जाईन."

मास्तर तिथंच होते. ते लगेच म्हणाले, "जुन्या देवांच्या ओव्या म्हटल्या तर मी लग्न लावणार नाही." म्हणजे गायलं तर मास्तर उठणार, न गायलं तर वऱ्हाड उठणार, आणि मधे मी. आप्पांनी पलटणीत दोन्हीकडून गोळीबार पाहिला होता, तरी त्यांनाही सुचेना. ते आईकडं बघू लागले.

आई म्हणाली, "हळद गात दळली जाईल. आन् जुन्या देवाचं नाव बी निघनार न्हाई."

"कसं गं?" आप्पांनी नंतर विचारलं.

"ते माजं मी बघते."

हळदीचा हंगाम चालू होता. आई दिवसभर रानात कुदळीनं कंद काढायची, कंद मोडून हळकुंडं वेगळी करायची, हळद शिजवायच्या काहिलीखाली जाळ घालायची. हंगामाच्या शेवटी मजुरीत तिनं लग्नापुरती हळकुंडं मागून घेतली, ओच्यातून आणली नाहीत. आणि तोंडानं सारखं काहीतरी पुटपुटत असायची. मी कान दिला की थांबायची. मला एकदाच ऐकू आलं, "पयली माजी ओवी", आणि पुढं नुसतं "हूं हूं". लग्न पंधरवड्यावर आणि आईच्या ओवीत अजून नावाच्या जागी हुंकार.

मास्तरांनाही दया आली असावी. येऊन म्हणाले, "अक्का, हळदच गाळू या. नाहीतरी ती जुनी रीत."

आई उसळली. "हळद देवाची न्हाई, मास्तर. हळद रानातली हाय. कुनी काढली? मी काढली. कुनी शिजवली? मी आन् धोंडुबाईनं. माज्या हातची हळद माज्या ल्येकीला लागनार न्हाई व्हय?" आणि बोलता बोलता ती थांबली. मास्तरांकडं न बघताच घरात निघून गेली. मास्तर मला म्हणाले, "रागावल्या वाटतं." मला तसं वाटलं नाही. राग आला की आई भांडी आपटायची, आणि त्या दिवशी भांडी शांत होती.

हळदीच्या दिवशी सकाळी वऱ्हाड आलं. जातं धुऊन अंगणात मांडलं होतं. पाच बायका भोवती बसल्या. आई आणि धोंडुबाई खुंट्याला. रंगूबाई बसली नाही. मांडवाच्या मेढीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. मास्तर दुसऱ्या मेढीपाशी. मी पाटावर मान खाली घालून बसले होते, त्यामुळं मला त्या दोघांचे फक्त पाय दिसत होते, आणि कुणाचे पाय आधी हलतात एवढंच मी बघत होते.

आईनं हळकुंडांचे तुकडे टाकले. जातं घरघरलं.

"पयली माजी ओवी,
हळद काढल्या हाताला,
उन्हाचं सोनं केलं,
आनलं ल्येकीच्या गालाला."

तिचा गातानाचा आवाज मी सहा वर्षांनी ऐकत होते. धोंडुबाईनं खुंट्यावरचे आपलेच हात पाहिले. भेगा पडलेले, पिवळे. त्या हातांवर आजवर कुणी ओवी म्हटली नव्हती. ती हात बघत राहिली आणि ओवी झेलायची विसरली, म्हणून आईनं तीच पुन्हा म्हटली. मग दुसरी:

"दुसरी माजी ओवी,
बुद्धाच्या गं वाटंला,
ज्याचा त्यानं दिवा
लावावा अंधाऱ्या पहाटंला."

मास्तरांचे पाय हलले. पण ते मागं नाही, पुढं आले. तिनं काही मागितलं नव्हतं. तिनं फक्त सांगितलं होतं.

"तिसरी माजी ओवी,
इहीन रंगूबाईला,
उन्हात ऱ्हाऊन तिनं
सावली धरली जाईला."

आमच्यात रीत अशी, की ओवीत जिचं नाव घेतलं, तिनं पुढची म्हणायची. सगळ्या बायका रंगूबाईकडं बघू लागल्या. ती मेढ सोडून आली. धोंडुबाईनं जागा दिली. रंगूबाईनं आईसमोर बसून खुंटा धरला आणि त्या करड्या आवाजात उचललं, "चवथी माजी ओवी".

आणि ती थांबली. तोंड उघडं राहिलं. तिच्या ओठांवर काय आलं होतं ते तिथल्या प्रत्येक बाईला कळलं, कारण ते प्रत्येकीच्या ओठांवर येऊन परत गेलेलं होतं. जातं फिरत होतं, ओवी पुढं जात नव्हती. रंगूबाईची मान खाली गेली.

आईनं खुंट्यावरचा तिचा हात आपल्या हाताखाली घेतला आणि पुढचं आपण म्हटलं:

"कवठ्याच्या गं रानाला,
पान्याविना जगून
हिरवं राखलं पानाला."

रंगूबाई म्हणाली, "माजं जातं बी मुकंच हाय, इहीणबाई. देव सोडल्यापास्नं. समद्या कवठ्यातल्या आमच्या बायकांची मुकी हायती. मला वाटलं, आष्टा मोठं गाव, तुमच्याकडं तरी कुनाला घावली असंल."

म्हणजे इतके दिवस आम्ही जिला हट्टी म्हणत होतो, ती बाई लग्न मोडायला नव्हे, ओवी शोधायला आली होती. मला तिचा राग यायचा तो एकदम ओसरला, आणि आता तो पुन्हा कधी येईल याची मी सासुरवाशीण म्हणून वाट बघायला मोकळी झाले.

"आमच्याकडं बी कुनाला घावली नव्हती," आई म्हणाली. "हळद काढताना मातीत बगितली."

हळद दळून झाली तरी रंगूबाई उठेना. "पयल्यापास्नं म्हना. मला पाठ करून न्यायच्या हायती." आईनं म्हटल्या. हळद संपली होती म्हणून जोंधळे टाकले. मास्तर मेढीला टेकून उभे होते. वंदनेची वेळ झाली, हे त्यांना आप्पांनी येऊन सांगावं लागलं. लग्न लागलं, पांढरं लुगडं, मेणबत्त्या, फुलं. सगळं झालं, पण त्यातलं मला फारसं आठवत नाही. माझ्या गालांना ती हळद चरचरत होती, तेवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी कवठ्याला आले. परक्या घरात झोप कसली लागते. पहाटे डोळा लागत होता तोच शेजारच्या सोप्यातून जात्याची घरघर आली, आणि तिच्यावर माझ्या आईच्या ओव्या. हळद काढल्या हाताला. बुद्धाच्या गं वाटंला. शब्द आईचे, आवाज करडा. मी वाकळ तोंडावर ओढून रडले, आणि रडता रडता मोजत गेले. चौथी झाली. आईच्या ओव्या तिथं संपत होत्या. पण जातं थांबलं नाही.

"पाचवी माजी ओवी,
आष्ट्याच्या गं बायडाला,
मुक्या माज्या जात्याला
गळा तिनं धाडला."

माझा गळा म्हणजे कावळ्याचा, हे आष्ट्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कवठ्याला अजून कळायचं होतं. मी तोंड धुतलं, सोप्यात गेले, सासूबाईंच्या समोर बसले आणि खुंटा धरला. त्यांनी विचारलं, "सहावी येती का गं?"

"येती की," मी म्हणाले, आणि सुरू केलं.