शेठचा गतिरोधक

"थांबली?"

कढईवरची नजर न हलवता, झारा तसाच तेलात ठेवून, डावा कान रस्त्याकडे करून हे गृहस्थ विचारायचे. दारात कांदे चिरत बसलेली त्यांची बायको मान वर करायची, रस्त्यावर एक नजर टाकायची आणि म्हणायची, "गेली."

परत कांदा. परत झारा. परत लांबून गाडीचा आवाज.

"थांबली?"

"गेली."

दिवसभर हेच. या दोघांच्या संसारात दुसरं बोलणंच उरलं नाही की काय, असं मला वाटायचं.

मंडळी, माणगावहून दिवेआगरच्या समुद्रावर तुम्ही कधी ना कधी गेला असालच. बोर्ली पंचतन येण्याआधी एक उतार लागतो, उताराला वळण, आणि वळणावर डाव्या हाताला एक कौलारू दुकान. तुम्ही ते पाहिलेलं नाही. पैज लावतो. गाडी वेगात होती आणि तुम्ही मोबाईलवर हॉटेलचे फोटो बघत होतात. तुम्ही ते दुकान पाहिलं नाहीत, एवढ्यावरच ही सगळी गोष्ट उभी आहे.

त्यांना सगळे शेठ म्हणायचे. आमच्याकडे ज्याच्यापाशी गल्ला तो शेठ, मग गल्ल्यात झुरळं का असेनात. मी बोर्लीत फोटो स्टुडिओ चालवतो. लग्न, बारसं, पासपोर्ट, आणि पोलिसांनी बोलावलं तर अपघात. येताजाता शेठकडे चहा ठरलेला. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "या, फोटोवाले," म्हणायचे, आणि मी बसायच्या आत चहा पुढे यायचा.

रस्ता वाईट होता तेव्हा शेठचं उत्तम चाललं होतं. दुकानासमोर वळणावर एक खड्डा होता. म्हैस आरामात बसेल एवढा. घाट उतरून येईपर्यंत गाडीतल्या मागच्या सीटवरच्या पोरांची तोंडं हिरवी पडलेली असायची. खड्ड्याशी गाडी रांगायला लागली की आतून "पप्पा, थांबवा!" अशी हाक यायचीच. वहिनी, म्हणजे शेठची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या. ओकून झालं की लिंबू सरबत, सरबताने तरतरी आली की भूक, आणि भूक लागली की भजी. शेठचा धंदा असा शास्त्रशुद्ध होता.

खड्ड्याची ते निगा राखायचे. पावसाने कडा ढासळल्या की पहारीने नीट करायचे. खडी टाकणारे मजूर आले की त्यांना पोटभर भजी घालून, "हितं कशाला टाकताय? फुडं टाका. फुडं लई वाईट हाय," असं सांगून वाटेला लावायचे. दसऱ्याला कढई, झारा, विळी यांची पूजा झाली की उरलेलं एक झेंडूचं फूल खड्ड्यात. थट्टा करत नाही, माझ्याकडे फोटो आहे.

मग सरकारला पर्यटनाची आठवण झाली. यंत्रं आली, डांबर आलं, आणि रस्ता असा गुळगुळीत झाला की माशी घसरावी. रोलर खड्ड्यावरून गेला त्या दिवशी शेठनी चूल पेटवली नाही.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"सुतक पाळतायत," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर "थांबली?" आणि "गेली" सुरू झालं.

संकट एकटं येत नाही. नव्या रस्त्याबरोबर, हाकेच्या अंतरावर, उताराच्या खालच्या अंगाला दुसरं हॉटेल उभं राहिलं. वासराएवढा लाल खेकडा रंगवलेला फलक, आणि खाली 'भरपूर पार्किंग'. शेठनी त्या मालकाचं नाव कधी उच्चारलं नाही. "तो खालचा" म्हणायचे. ज्यांना शेठचं दुकान उशिरा दिसायचं ते करकचून ब्रेक दाबेपर्यंत खालच्याच्या दारात पोचायचे. तेही थोडेच. बाकीचे दोघांनाही धूळ चारून समुद्रावर. तळ्याकाठी दोन बगळे बसावेत तसे हे दोघे दोन टोकांना बसून एकाच रस्त्याकडे बघत असायचे.

शेवटी शेठनी बांधकाम खात्याच्या साहेबांना गाठलं. साहेब पाहणीला आले, बाकावर बसले. शेठ म्हणाले, "साहेब, एक गतिरोधक द्या. ह्या हितं, दारासमोर. गाड्या हळू झाल्या तर दुकान दिसंल. न्हायतर पावसाळ्याआधी मला कुलूप लावावं लागंल."

"अहो, कुठेही टाकता येत नाही आता. पूर्वी ज्याने त्याने आपल्या दारात टाकून घेतले, लोकांची कंबरडी मोडली. म्हणून नियम कडक झालेत. जिथे अपघाती मृत्यू, तिथे गतिरोधक. आणि या वळणावर एकच."

"म्हंजे कुणीतरी मरायला पायजे?"

"असं मी म्हटलेलं नाही," साहेब भजी उचलत म्हणाले. खाऊन झाल्यावर बोटं पुसत म्हणाले, "पण हो."

त्या दिवसापासून शेठ अपघाताची वाट बघू लागले.

दारासमोर रस्त्यावर त्यांनी चुन्याची एक रेघ मारून ठेवली. ऐनवेळी जागेवरून घोळ नको. माणूस मुळात पापभीरू. सकाळी देवाला दिवा लावून म्हणायचे, "कुणाचं वाईट होऊ देऊ नको." जरा थांबून, हळूच, "पण झालंच तर रेघेवर."

पहिली मेली ती शेजारच्यांची शेळी. शेठनी मला धावत बोलावून घेतलं. "फोटोवाले, जरा खालून काढा. मोठी दिसली पायजे." मी रस्त्यावर आडवा होऊन अशी काढली की हत्तीण वाटावी. साहेबांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "शेळी चालत नाही. माणूस लागतो."

"तिलापन पोरं व्हती, साहेब."

"जखमी माणूससुद्धा चालत नाही, शेठ. मेलेला लागतो."

मग वरच्या वाडीतल्या एका म्हातारबुवांवर शेठचं लक्ष गेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी ठार बहिरे, आणि रोज सकाळी मुलीकडे चहाला म्हणून नेमका हाच रस्ता ओलांडायचे. शेठ झारा टाकून बाकावर येऊन बसायचे. डोळ्यांत अशी काही आशा, की मीच खाली बघावं. बुवा रस्त्याच्या कडेला येत, काठी पुढे टाकत, वरून गाडीची घरघर ऐकू येई... आणि शेठ उठत. धावत जात, बुवांचा दंड धरत, गाडीला हात दाखवत आणि त्यांना पलीकडे सोडून परत येत. रोज.

"शेठ," मी म्हणायचो, "तुम्हालाच गतिरोधक नकोय."

"पाय उठतात हो," ते स्वतःच्या पायांकडे रागाने बघत म्हणायचे. "काय करू? पाय उठतात."

एका दुपारी खालचा शिडी खांद्यावर घेऊन वर आला. शेठच्या दुकानासमोरच्या विजेच्या खांबावर त्याला बाण लावायचा होता: 'थोडं पुढे, भरपूर पार्किंग'. शेठच्या नाकासमोर! शेठ आतून धुमसत होते. मी चहा पीत होतो आणि खरं सांगतो, मजा बघत होतो. खालच्याने शिडी लावली, मागे सरून बाण सरळ बसेल ना ते बघितलं, आणखी थोडा मागे सरला, आणि रस्त्यावर आला.

ब्रेक असे किंचाळले की माझा कप बशीत उडाला.

"थांबली?" शेठनी आतून विचारलं. सवयीने.

"थांबली," वहिनी म्हणाल्या. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "पन खाली मानूस हाय."

तेवढ्यात गाडी पळालीसुद्धा. खालचा बरोब्बर चुन्याच्या रेघेवर आडवा पडला होता. डोकं अलीकडे, पाय पलीकडे. जसा काही तोच गतिरोधक. पाय भलत्याच दिशेला वळलेला, रक्ताचं थारोळं. मंडळी, विचार करा. धंद्यातला वैरी, स्वतःच्या पायांनी चालत येऊन, नेमक्या जागेवर. नियमाची जागा आणि नियमाचा माणूस. फक्त थोडं थांबायचं होतं.

शेठचे पाय उठले. त्यांनी खालच्याला उचलून भाजी आणायच्या तीनचाकीत घातलं, मला मागे त्याचं डोकं धरून बसवलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे अशी गाडी हाणली की त्या वेगात त्यांच्याच दुकानासमोर कुणी मेलं असतं. सबंध वाटभर मागे वळून ओरडत होते, "मरू नको रे भाड्या! मेलास तर बघ! मरू नको!" खालचा एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघायचा आणि घाबरून परत मिटून घ्यायचा.

वाचला. पायात सळई बसली, जन्माचा लंगडा झाला, पण वाचला. डॉक्टर म्हणाले, जरा उशीर झाला असता तर आटोपलं होतं.

साहेबांना कळलं तेव्हा ते मनापासून हळहळले. "लगेच नेलंत?"

"लगेच."

"मग आता मी काय करणार?"

बोर्लीच्या बाजारात शेठ दिसले की लोक हाक मारायचे, "शेठ, येक घाणा तळून मग निघायचं व्हतं!" आणि मासळीवाल्यांपासून कापडवाल्यांपर्यंत सगळे हसायचे. मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते. वहिनी मात्र बरेच दिवस बोलल्या नाहीत. "थांबली?" विचारलं तर नुसती मान हलवायच्या. मग एकदा माझ्यासमोरच फुटल्या. "देवानं दारात आणून टाकला व्हता. तुमी उचलून परत देऊन आलात."

शेठनी झारा हातात घेतला. कढईतलं एक भजं उलटत राहिले. ते करपेपर्यंत.

पुढचं ऐका. दुधाचा टेम्पो सकाळी शेठकडेच थांबायचा. गिऱ्हाइकाची नव्हे, पण तेवढीच एक गाडी थांबायची. खालच्याला आता चढ चढून वर येणं जमेना. मग रोज सकाळी शेठच दुधाची किटली घेऊन उतार उतरायचे आणि त्याच्या ओट्यावर ठेवून यायचे.

"मरू दिला न्हाय, आता पोसतोय," असं पुटपुटत.

आभार तर राहोच, खालचा रोज झाकण उघडून बघायचा आणि म्हणायचा, "शेठ, दूध पातळ हाय." आणि शेठ रोज वळून उत्तर द्यायचे. उत्तर दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "म्हशीला जाऊन इचार!" नाहीतर "तुझ्या रक्तापरास घट्ट हाय!" हे त्यांचं सकाळचं स्तोत्र झालं होतं. दोघांनाही त्याशिवाय करमेनासं झालं होतं, पण ते सांगायला दोघांपैकी एकाला आधी मरावं लागलं असतं.

शनिवारची सकाळ होती. शेठनी किटली ठेवली आणि परत निघाले. त्याच्या दारातून रस्त्यावर उतरले तोच मागून हाक आली, "शेठ, दूध पातळ हाय!"

शेठ वळले. उत्तर ओठांवर आलेलं असणार. काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. वळणावरून गाडी आली.

पोलिसांनी मला बोलावलं. मी फोटो काढले. काय काढले ते सांगत नाही. हवालदार टेप धरून मोजत होता. पंच म्हणून सगळ्यात जवळच्या दुकानदाराला उभं केलं होतं. खालचा भिंतीला धरून उभा राहिला, आणि जागा विचारल्यावर खरं तेच बोलला. "हितंच. माझ्या दारात."

वहिनी कोपरापर्यंत पिठाने भरलेल्या हातांनी धावत आल्या होत्या. गर्दीतलं कुणीतरी हळू आवाजात हवालदाराला म्हणालं, "साहेब, हाकेचंच तर अंतर हाय. वरच्या अंगाला लिवा की. बाईचं भलं व्हईल."

हवालदार चांगला होता. त्याने वहिनींकडे बघितलं. मग त्याने माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं. "फोटो निघाले ना?"

निघाले होते. प्रत्येक फोटोत, शेठच्या मागे, वासराएवढा लाल खेकडा.

सरकार हळू चालतं म्हणतात. खोटं आहे. गतिरोधक पावसाळ्याच्या आत झाला. खालच्याच्या दारासमोर, पांढऱ्या पट्ट्यांसकट. नारळ खालच्यानेच फोडला. साहेब आले होते, म्हणाले, "चला, शेठच्या मागणीला यश आलं." तोंडात भजी होती, म्हणून थोडं अस्पष्ट म्हणाले.

गाड्या आता तिथे रांगतात. पोरं उतरतात, लिंबू सरबत होतं, मागोमाग भजी जातात. गल्ल्यामागे शेठचा हार घातलेला फोटो आहे, मीच मोठा करून दिला. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? "आमचे मोठे भाऊ," खालचा म्हणतो, आणि रडतो. खोटं रडत असता तर बरं झालं असतं.

नियमाप्रमाणे गतिरोधकाच्या अलीकडे सूचना लावावी लागते. 'पुढे गतिरोधक आहे'. तो खांब नेमका कुठे यावा? शेठच्या दुकानासमोर. चुन्याच्या रेघेवर. ड्रायव्हर तो फलक वाचतात, त्यामुळे दुकान आता मुळीच दिसत नाही.

वहिनींनी कुलूप लावलेलं नाही. त्याच कांदे चिरतात, त्याच तळतात. परवा मी चहाला थांबलो होतो. वरून एक गाडी आली, फलकाशी तिचा वेग कमी झाला. वहिनींनी कढईवरची नजर हलवली नाही. झारा तेलात तसाच ठेवला, कान रस्त्याकडे केला.

"थांबली?"

मी वाकून बघितलं. थांबली होती. खाली. दारं उघडून पोरं उतरत होती, आणि खालचा पाण्याचा तांब्या घेऊन लंगडत पुढे येत होता.

"गेली," मी म्हटलं.

वहिनींनी घाणा उलटला.