चार नंबरची बाटली

झोलिसाला स्वच्छतेचं वेड होतं, आणि वेडापेक्षा त्याचा तोरा मोठा. दवाखान्यात रक्त तपासायचं काम. घरी बिअर करायला बसला की कोपरापर्यंत हात धुणार, आणि दुसऱ्याने धुतले नाहीत तर त्याची हजेरी घेणार. दक्षिण आफ्रिकेतल्या मखांडा गावात अशा हौशी लोकांचा आठ-नऊ जणांचा गट होता. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी पुम्लाच्या गॅरेजात जमायचं, मटण भाजायचं, एकमेकांच्या बाटल्या चाखायच्या आणि गप्पा हाणायच्या. कुणाचं यीस्ट मेलं तर दुसरा आपलं अर्धं काढून द्यायचा. भली माणसं होती सगळी. झोलिसाही वाईट नव्हता हो, पण जीभ!

मादलोमो गटात नवी. साठीची विधवा, माहेरच्या कुळाच्या नावानेच सगळे तिला हाक मारत. मक्या-ज्वारीची घट्ट बिअर तिने जन्मभर केलेली, आता जवाची शिकायची म्हणून आली. झोलिसानेच शिकवली. शिकवली कसली, रडवलंच म्हणा. "पिंपाची तोटी खोलून धुतलीत? नाही? मग आलात कशाला?" ती बिचारी मान डोलवून वहीत लिहून घ्यायची.

गटाची एक रीत होती. बाटल्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. ते चिकटवायचं काम आणि कुठली कुणाची ही यादी सगळ्यांत नव्या माणसाकडे, आणि सगळ्यांचं बोलून झालं की त्याने नावं वाचायची. म्हणजे कुणी कुणाची भीड धरायला नको.

त्या शनिवारी यादी मादलोमोकडे होती. चार नंबरचा घोट घेतला आणि झोलिसाने तोंड वाकडं केलं. आंबट ढाण, वर ओल्या फडक्याचा वास. ही म्हातारीचीच, त्याने मनाशी ठरवून टाकलं.

"शी! ही ज्याने केलीय ना, त्याने उद्यापासून चहा करावा!"

कुणीच हसलं नाही. "झोली, पुरे," पुम्ला म्हणाली.

"पुरे काय? मत म्हणजे मत!"

मग सहा नंबर आला. झोलिसाने डोळे मिटले. ही आपलीच! त्याने चक्क डोक्यावरची टोपी काढली. "वा! याला म्हणतात हात. इथं कुणाला बोट ठेवायला जागा नाही." स्वतःचीच आरती ओवाळत होता, आणि लाज म्हणून नाही.

मादलोमोने चष्मा लावला. कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत बसली. "चार... माझी," ती म्हणाली. "सहा झोलिसाची." बाकीची नावंही तिने वाचली.

बसवाल्या मोंडेने लगेच तिच्या ताटात मटणाचा चांगला तुकडा वाढला. "अहो, माझी पहिली बिअर कुत्र्यानेसुद्धा हुंगली नव्हती!" पुम्लाने तिला आपलं यीस्ट बांधून दिलं. झोलिसा शाबासक्या घेत बसला.

दुसऱ्या दिवशी चर्चमधून मेहुणा जेवायला आला. झोलिसाने ऐटीत त्याच घाण्यातली बाटली फोडली. मेहुण्याने घोट घेतला आणि थेट अंगणात जाऊन थुंकला. "दाजी, काय पाजता हे? फडकं पिळलंत काय यात?"

झोलिसाने चाखली. दुसरी फोडली. तिसरी फोडली. सगळ्यांना तोच वास. त्याने पिंपाची तोटी खोलली, तर रबराच्या चकतीमागे काळा बुळबुळीत थर! तीन महिने खोलली नव्हती. जेवण तसंच टाकून तो जोझा वस्तीत मादलोमोच्या घरी गेला.

ती अंगणात पातेलं घासत होती.

"चार माझी होती," तो म्हणाला.

"माहीत आहे. आकडे मीच चिकटवले ना."

"मग चारचौघांत ऐकून का घेतलंत? शरम वाटते हो मला. पुढच्या महिन्यात जमू तेव्हा सगळ्यांसमोर कबूल करतो. पण मला कशाला वाचवलंत?"

"तुला वाचवलं?" ती हसली. "तू काय बुडत होतास, बाबा? सहाला तू टोपी काढलीस. पन्नास वर्षं बिअर करतेय, माझ्या हाताला असं कुणी बोललं नव्हतं, नवऱ्यानेही नाही. मी माझं नाव वाचलं असतं तर तुला लगेच त्यात खोट सापडली असती. शब्द परत घेतले असतेस तू. मला ते तसेच राहू द्यायचे होते. कुणाच्या का नावावर असेनात."

'छे, असं कसं' म्हणायला झोलिसाने तोंड उघडलं. पण ते खोटं झालं असतं. घेतलेच असते त्याने परत, आणि सगळे ऐकत असताना. तो मान खाली घालून तिथेच उभा राहिला. पातेलं धरू का, एवढंही त्याला विचारता येईना.